आयत्या हॅमवर रेघोट्या

पुस्तकपरीक्षण हा माझा तीस-बत्तीस वर्षांचा धंदा. धंदा आपला म्हणायचा, एवढेच. रविवारच्या पुरवणीत आठशे शब्द लिहायचे आणि मानधनाऐवजी परीक्षणासाठी आलेली प्रत ठेवून घ्यायची, याला धंदा म्हणणे म्हणजे वाण्या-उदम्यांची बदनामी. पण एक गोष्ट मात्र मी या धंद्यात पुरेपूर कमावली. लेखकांचा राग! "स्वतःला एक ओळ लिहिता येत नाही, आणि दुसऱ्याने शिजवलेल्यात मीठ कमी म्हणून सांगायला हे पुढे!" हे वाक्य मी पत्राने, समक्ष आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढली जात असताना ऐकलेले आहे.

त्यामुळे गेल्या डिसेंबरात ओहायओमध्ये कन्येने माझ्यापुढे सात पौंडांचे एक हॅम ठेवून "बाबा, हे शिजलेलंच आहे, तुम्ही फक्त शेवटचा हात फिरवायचा" असे सांगितले, तेव्हा मला गहिवरून आले. आयुष्यभर मी दुसरे काय केले होते?

थोडी हकीकत सांगायला हवी. आमचे जावई तिकडचेच, त्यामुळे विहीणबाईही तिकडच्याच. ओहायओमधल्याच एका लहान गावात त्यांचा जन्म गेला. नाताळचे जेवण दरवर्षी त्यांच्या घरी, आणि त्या जेवणाचा मानकरी म्हणजे हॅम. डुकराच्या मागच्या मांडीचे, मिठात मुरवून धुरी दिलेले मांस. या वर्षी विहीणबाईंच्या खुब्याचे ऑपरेशन झाले. काठी घेऊन चालता येत होते, पण ते धूड ओव्हनमध्ये घालणे-काढणे शक्य नव्हते. म्हणून जेवण कन्येकडे ठरले आणि विहीणबाईंनी पाककृतींच्या पत्र्याच्या डब्यातून एक कार्ड काढून मुलाच्या हाती दिले. दिले म्हणजे, जावई सांगत होते, आधी दोनदा परत घेतले आणि मग दिले. जावई आणि कन्या दोघेही नोकरीवर. आमच्या सौ. मांसाहार करीत नाहीत. उरलो मी. सेवानिवृत्त, रिकामा आणि इंग्रजी वाचता येणारा.

परीक्षकाच्या शिस्तीप्रमाणे आधी वेष्टन पाहिले. पुस्तकाच्या मलपृष्ठावर एक वाक्य खरे सापडले तर परीक्षक त्या दिवशी गोडधोड करतो. त्या मानाने हॅमचे वेष्टन वाचून मी चाटच पडलो. 'पूर्ण शिजलेले', 'नैसर्गिक रसासह' असे त्यावर छापले होते. मला वाटले, चालली नेहमीची जाहिरातबाजी. पण चौकशी केली तेव्हा कळले, की हे शब्द कायद्याने मोजून दिलेले आहेत. चरबी वगळून राहिलेल्या मांसात निदान २०.५ टक्के प्रथिने असतील तरच त्याला नुसते 'हॅम' म्हणायचे. १८.५ टक्के असतील तर 'नैसर्गिक रसासह हॅम'. १७ टक्क्यांवर आले की 'पाणी घातलेले हॅम'. आणि त्याच्याही खाली घसरले की सरळ 'हॅम आणि पाणी' असे नाव लावून किती टक्के भर घातली आहे तेही छापायचे!

मी ते वेष्टन हातात धरून बराच वेळ खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत बसलो. आपल्याकडे हा कायदा आला तर? सहाशे पानांच्या त्रिखंडात्मक कृतीवर ठळक अक्षरात 'कादंबरी आणि पाणी'! आत्मचरित्रांची नावे मी घेत नाही.

तर हे 'शिजलेले' प्रकरण असे. कारखान्यात मांडीत सुयांनी खारे पाणी टोचतात. त्यात मीठ, थोडी साखर आणि सोडियम नायट्राइट असते. या शेवटच्या द्रव्यामुळे मांस शिजल्यावरही गुलाबी राहते, नाहीतर कोणत्याही शिजलेल्या मांसासारखे मातकट झाले असते. मग धुरी देतात, शिजवतात, बांधतात. दुकानातून घरी आणल्यावर ते थंडगार, सुरीने कापून, उभ्या उभ्या खाल्ले तरी चालते. मग घरच्या माणसाने करायचे ते काय? मुरवले दुसऱ्याने, धुरी दिली दुसऱ्याने, शिजवले दुसऱ्याने. आपण वरून साखरेचा चकाकता लेप द्यायचा आणि टेबलाशी टाळ्या घ्यायच्या? याला आमच्या पुण्यात आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे म्हणतात. आणि गंमत बघा, कार्डावरची एक सूचना अक्षरशः तीच होती. सुरीने चरबीवर तिरप्या रेघोट्या ओढून शंकरपाळ्यांसारखे चौकोन पाडा!

त्या कार्डाचे परीक्षण हा या लेखाचा खरा विषय. आकार पोस्टकार्डाहून लहान. तूप लागलेल्या पंचांगासारखे ते ठिकठिकाणी पारदर्शक झाले होते. त्यावर दोन हातांचे अक्षर. मूळ संहिता पेन्सिलीत, ती विहीणबाईंच्या मातोश्रींची. त्यावर निळ्या शाईत भर, ती विहीणबाईंची. आणि निळ्या शाईतल्या एका ओळीवर काळ्या बॉलपेनने मारलेली काट. आता पाठचिकित्सा म्हटली की आपल्याकडे जे मोठे नाव आठवते, ते हॅमच्या शेजारी घेणे बरे नव्हे. पण काम त्याच जातीचे होते.

पेन्सिलीतली संहिता अशी : हॅम धुवा. ब्राऊन शुगर, मोहरी, व्हिनेगर. रेघा ओढा. लवंगा टोचा. पौंडाला वीस मिनिटे, शिजेपर्यंत भाजा.

शिजेपर्यंत! जे आधीच शिजलेले आहे ते शिजेपर्यंत भाजायचे म्हणजे किती? नवकवितेत अशी ओळ आली असती तर मी तिचे स्वागतच केले असते. परंतु इथे अर्थ लागणे भाग होते. लावला तो असा : मातोश्रींच्या घरी येणारे हॅम धुरावलेले असे, पण शिजलेले नसे. ते घरीच शिजवावे लागे. पुढे हॅम बदलले, कार्ड बदलले नाही. संहिता एका युगातली आणि मांडी दुसऱ्या युगातली, असा हा पेच. जगातल्या किती स्वयंपाकघरांत अशी गतकालीन वाक्ये अजून राज्य करीत असतील कोण जाणे. आमच्या घरी 'गहू निवडून घ्या' अशी सुरुवात असलेली एक पाककृती आहे, आणि पीठ गिरणीतून पिशवीत येते.

हा अर्थ मला लागला खरा, पण लागला उशिरा. आधी लागली ती आग.

झाले असे, की नाताळच्या आठ दिवस आधी एक लहानसे हॅम आणून मी रंगीत तालीम केली. कार्डाचा क्रम प्रमाण मानून लेप आधीच चोपडला आणि मग ओव्हनमध्ये ढकलले. तासाभराने छान वास आला. दीड तासाने निराळा वास आला. त्यानंतर छतावरचा धुराचा भोंगा असा काही किंचाळायला लागला, की शेजारचा कुत्रा त्याला साथ द्यायला धावून आला. बाहेर काढले ते हॅम नव्हते, शिमग्याच्या दुसऱ्या दिवशीचे काहीतरी होते. वरची साखर काळीठिक्कर, आतले मांस दोरखंड. मी सुरी लावली तर सुरी माफी मागत परत आली.

सौ. नाकाला पदर लावून आल्या. त्यांनी त्या अवशेषांकडे पाहिले, कार्डावरचे मला वाचायला लावले आणि विचारले, "अहो, पण हे शिजलेलंच होतं ना?"

"हो."

"मग ऊन करायचं होतं. भाजलंत कशाला?"

ऊन करायचे! बत्तीस वर्षे मी समीक्षेची परिभाषा घासूनपुसून ठेवतो आहे आणि हा दोन अक्षरी शब्द मला सुचला नाही. इंग्रजी कार्ड 'बेक' म्हणत होते, आणि त्या शब्दाच्या पोटात शिजवणेही येते आणि गरम करणेही येते. आपल्याकडे पुरणपोळी भाजतात आणि उरलेली दुसऱ्या दिवशी ऊन करतात, यात कोणाचा घोटाळा होत नाही. मग मी अमेरिकन सरकारचे नियमही काढून पाहिले, तर तेही सौ.च्याच पक्षाचे निघाले. कारखान्यातून बांधून आलेले पूर्ण शिजलेले हॅम आतून १४० अंश फॅरनहाइट झाले की बास. दुकानदाराने मोडून पुन्हा बांधलेले किंवा घरात उरलेले असेल तर मात्र १६५. त्याच्यापुढे तुम्ही जे काही कराल त्याने फक्त पाणी बाहेर जाते, आणि हे पाणी कायद्याने मोजून घातलेले असते.

ओव्हन ३२५ वर ठेवायचा. हाडासकट अर्धी मांडी असेल तर पौंडाला १८ ते २४ मिनिटे धरायची, पण ती अंदाजापुरती. खरा साक्षीदार थर्मामीटर. तो सर्वांत जाड भागात खुपसायचा आणि हाडाला टेकू द्यायचा नाही, कारण हाडाला टेकला की तो हाडाची गोष्ट सांगतो. हॅम कापलेल्या बाजूवर पालथे ठेवायचे, परातीत कपभर पाणी, वर फॉइलचे घट्ट झाकण. हे एवढेच करायचे, आणि यातले काहीही विसरले तर वाटोळे. इथे माझ्या मतात पहिला फरक पडला. ज्या कामात कौतुक होण्यासारखे काहीच नाही, पण बिघडवण्यासारखे सर्वकाही आहे, त्याला रेघोट्या म्हणणे जरा घाईचे झाले होते.

तयार चकत्या पाडलेले हॅमही मिळते, हे इथे नोंदवून ठेवतो. डेट्रॉइटच्या हॅरी होनसेलार यांनी हाडाभोवती गोल गोल सलग चकत्या पाडणारे यंत्र काढले आणि १९५२ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. शोध चतुर आहे, पण मला पसंत नाही. ऊन करताना चकत्यांच्या फटी उघडतात आणि रस निघून जातो. शिवाय रेघोट्यांचीही सोय उरत नाही. ते हॅम नव्हे, अपेक्षित प्रश्नसंच.

आता लेप. तिकडे ग्लेझ म्हणतात. आधी लावला तर जळतो, कारण साखरेला एवढा वेळ आच सोसत नाही. तेव्हा तो शेवटच्या वीस-तीस मिनिटांत, फॉइल काढून, आच वाढवून लावायचा. पण नुसती साखर, मोहरी आणि व्हिनेगर कालवून ओतले तर ते चरबीवरून ओघळून परातीत जाऊन बसते. संगणकावर मी या विषयाची जी चलच्चित्रे पाहिली, त्यांत प्रत्येक माणूस 'घट्ट होईपर्यंत उकळा' म्हणतो आणि लगेच चित्र तोडतो. घट्ट म्हणजे किती, हा प्रश्न मराठी कादंबरीतल्या नायकाच्या पोटापाण्याच्या धंद्यासारखा अध्याहृत!

सौ. कढईपाशी उभ्या राहिल्या. "मी खात नाही," त्या म्हणाल्या, "पण पाक कळतो मला." एक कप ब्राऊन शुगर, दोन मोठे चमचे तिकडची वाटलेली मोहरी, थोडे सफरचंदाचे व्हिनेगर. त्यांनी मंद आचेवर ढवळले, चमच्यावरचा थेंब बशीत टाकला, अंगठा आणि तर्जनीत धरून बोटे विलग केली. "अजून एक मिनिट. एकतारी होऊ दे. दोनतारी झाला तर वर कडक पापडी बसेल आणि सुरी लावली की फुटेल." ज्या बाईने जन्मात हॅम तोंडात घातले नाही, तिने त्याबद्दलचे सर्वांत नेमके वाक्य उच्चारले. ही गोष्ट माझ्या जुन्या लेखकमित्रांच्या कानावर जाऊ नये अशी इच्छा आहे. त्यांना वाटेल मी त्यांची बाजू सोडून माझ्याच धंद्याची तरफदारी करतो आहे.

राहिली ती निळ्या शाईतली, काट मारलेली ओळ. काट जोरात मारली असली तरी खालचे वाचता येत होते : 'अननसाच्या चकत्या, मधोमध चेरी'. हा अलंकार मी जुन्या अमेरिकन मासिकांतल्या रंगीत चित्रांत पाहिलेला आहे. जेम्स डोल यांनी १९०१ मध्ये हवाईत अननसाची कंपनी काढली. पुढे अननस डब्यातून अमेरिकेच्या घराघरांत पोचला, आणि हॅमच्या अंगावर काड्यांनी टोचलेल्या पिवळ्या चकत्या व त्यांत लालभडक चेऱ्या असे रूप रूढ झाले. समीक्षक म्हणून माझे मत प्रतिकूल आहे. चकतीखाली पाक पोचत नाही, तेवढी चरबी पांढरीफटक राहते आणि अननसाचे पाणी पाक पातळ करते. म्हणजे शोभेसाठी घातलेला दागिना, आणि खालचे अंगच त्यामुळे कोरडे! विहीणबाईंना हे कधीतरी उमगले असावे आणि त्यांनी निष्ठुरपणे ओळ कापली असावी, असा निष्कर्ष मी काढला. त्या काटेत मला एक परिपक्व अभिरुची दिसली. जेवणाच्या वेळी याबद्दल चार शब्द बोलायचे असेही मनाशी ठरवले.

लवंगांविषयी मी गप्प बसणार होतो, पण राहवत नाही. प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यावर एक याप्रमाणे त्रेपन्न लवंगा टोचल्या. गोविंदविड्याला टोचतात तशाच. दिसतात सुरेख. पण खाताना प्रत्येकाने त्या वेचून काढायच्या. मी निम्म्या कमी करू म्हणालो, तर कन्या म्हणाली, "बाबा, आईंच्या हॅमला असतात." तिच्या तोंडचा 'आईं' मी पहिल्यांदाच ऐकला. त्रेपन्नच्या त्रेपन्न टोचल्या.

नाताळच्या दुपारी विहीणबाई काठी टेकत आल्या. हॅम ओव्हनमधून निघून वीस मिनिटे विसावले होते. सागवानी कपाटावर आरशासारखे पॉलिश चढावे तसे दिसत होते. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. आधी टेबलाशी आल्या, काट्याच्या टोकाने पाकावर टिचकी मारली, कान दिला आणि मग बसल्या. माझी मॅट्रिकची तोंडी परीक्षा यापेक्षा सोपी गेली होती.

जावयांच्या मावशींनी विचारले, "हे केलं कोणी?"

मी प्रामाणिकपणे सांगितले, की हे कारखान्याने केले, मी फक्त ऊन केले आणि पाक आमच्या सौ.चा. सगळे हसले. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पहिला तुकडा खाल्ला, लवंग काढून ताटाच्या कडेला ठेवली आणि म्हणाल्या, "आतलं सगळ्या घरी सारखंच असतं. माझी मुलं हॅम म्हणतात ते हे वरचं." आणि वरचा तुकडा त्यांनी पुन्हा मागून घेतला.

मला भरून आले आणि भरून आले की मी बोलतो. मी अननसाचा विषय काढला. चकतीखाली पाक न पोचणे वगैरे विवेचन केले आणि काट मारण्यातल्या अभिरुचीबद्दल त्यांचे अभिनंदन केले.

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही, तसं काही नव्हतं. माझ्या नवऱ्याला तो अननस फार आवडायचा. चेऱ्या तर तो आधीच चोरून खायचा, मी काड्या टोचत असतानाच. तो गेल्यावर ते डबे उघडवेनात. म्हणून खोडलं."

बत्तीस वर्षांत मी किती खोडाखोडींचे अर्थ लावले असतील!

सौ.ने माझ्याकडे पाहून "काय म्हणाल्या?" असे विचारले. मी मराठीत सांगितले. सौ. काही बोलल्या नाहीत. विहीणबाईंनीच मग विषय बदलावा म्हणून की काय, पाक कसा केला ते विचारले. सौ.ने अंगठा आणि तर्जनी जुळवून विलग केली. विहीणबाईंनी तिच्याकडे बघत आपली दोन बोटे तशीच केली आणि डोळे मोठे केले. म्हणजे त्यांनाही ते ठाऊक होते, कार्डावर मात्र तीन पिढ्यांत कोणी लिहिले नव्हते! कार्ड मागवण्यात आले. आता या स्थितीला इंग्रजीत काय म्हणावे यावर जावई, कन्या आणि मी वाद घालत होतो, तोवर सौ.ने पेन्सिल घेऊन कडेच्या मोकळ्या जागेत देवनागरीत 'एकतारी' असे लिहून टाकले. पुढच्या पाठचिकित्सकाचे हाल कुत्रा खाणार नाही.

कार्ड माझ्या हाती आले तेव्हा ती खोडलेली ओळ पुन्हा समोर आली. मी विहीणबाईंना म्हटले, आमच्या छापखान्यात एक रीत आहे. चुकून खोडलेला मजकूर परत ठेवायचा असला, तर पुन्हा लिहीत बसत नाहीत. खाली नुसती टिंबे देतात. जुळाऱ्याला कळते, की हे असू द्या.

"चुकून खोडलेला नसला तरी चालतं?"

"चालतं."

त्यांनी पेन्सिल माझ्याकडून घेतली. चष्मा सारखा केला. अननसाच्या खाली सावकाश टिंबे दिली, चेरीपाशी जरा थांबल्या, तिथेही दिली आणि कार्ड सौ.च्या हाती ठेवले.

तेव्हा येत्या नाताळात अननस आहे. चकतीखाली पाक पोचत नाही हे माझे मत कायम आहे. आधी पाकाचा एक हात देऊन मग चकत्या लावल्या तर काय होते, ते पाहायचे आहे. हाडाचे सूप दुसऱ्या दिवशी वाटाण्याच्या डाळीत झाले. पण त्याची प्रत माझ्याकडे परीक्षणार्थ आली तोवर तळाशी फक्त हाड उरले होते.